पाठीवरचे सात थर

प्रकाशचे माय,

पाह्य, सुरुवातच अडली. पत्राच्या डोक्यावर नाव लिहावं लागते, आणि तुहं नाव माह्या तोंडातून कधी निघालंच नाही. लग्नात बायांनी दार अडवलं तेव्हा एकदा घेतलं, ते बी इतकं पुटपुटत की तुह्या मावशीले आयकूच आलं नाही. त्याच्यानंतर 'अवं', नाहीतर 'आयकलं काय', आणि पोरगा झाल्यावर प्रकाशची माय. आता तुले जाऊन चार वर्षं झाली. हाताले एकदम नवीन वळण कसं लागंल? म्हणून जे होतं तेच लिहिलं.

पत्र काहून लिहून राह्यलो ते आधी सांगतो, नाहीतर तू म्हणशील, या माणसाले वैशाखाचं ऊन लागलं. विहारात बसलो आहे. बुद्धाच्या मूर्तीवरची पॉलिश काढून राह्यलो. स्पिरिटात भिजवलेला कापूस मूर्तीवर ठेवायचा, त्याच्यावर मेणकापड लपेटायचं, आणि मग अर्धा तास नुसतं बसायचं. एरवी अशा वेळी मी बिडी ओढायचो. पण स्पिरिटाच्या शेजारी काडी पेटवली तर मी आणि विहाराच्या छपराचे कवेलू एकाच वेळी वर जाऊ. म्हणून बंडल आणि काडीपेटी दोन्ही घरी ठेवून आलो. हाताले काम नाही, मन एका जागी बसत नाही. नातीच्या दप्तरातून ही वही आणि पेन्सिल काढून आणली.

तुले वाचता येत नव्हतं. खरं सांगू? म्हणूनच लिहायची हिंमत झाली.

उद्या पौर्णिमा. सकाळी सगळा वार्ड येईल. सुकाजीभाऊ बी येतील, अजून तेच पंच आहेत. डोळ्यानं कमी दिसते, काठी लागते, पण आवाज तसाच खणखणीत. त्याईच्यासमोर मूर्ती उघडी करायची आहे. समोरून सगळी निघाली. चेहरा निघाला, हात निघाले, मांडी निघाली. पाठ तेवढी राह्यली आहे. मी मुद्दाम शेवटी ठेवली. काहून ते तुले मालूम आहे. का नाही मालूम? हेच तर मले चार दिवसांपासून कळून नाही राह्यलं.

थांब, कापूस सुकला असंल. पाहून येतो.

आलो. अजून नाही फुगली पॉलिश. मानेच्या खाली जाड आहे. सात थर आहेत, एका अर्ध्या तासात कशी निघंल?

तू गेली तेव्हा मूर्ती गुळाच्या रंगाची तरी होती. आता निरा डांबर झाली होती. उदबत्तीचा धूर, तेल, बायांच्या हाताची हळद, सगळं त्या पॉलिशीत शिरून बसलं. उन्हाळ्यात चिकट व्हायची. मागच्या साली एका पोरीनं डोकं टेकवलं तर तिचे केसच चिकटले चरणाले. ती रडे, आणि पोट्टे हासत. त्या दिवशी वार्डात ठरलं की पौर्णिमेच्या आधी मूर्ती साफ झाली पायजे. आणि सगळ्याईनं माह्याकडंच पाह्यलं. कचेरीच्या खुर्च्या आणि वकिलाईची टेबलं मीच पॉलिश करतो, आणि मूर्तीले बी मीच लावली होती.

आता सल्ले आयक. एक जण म्हणे कानस फिरवा. दुसरा म्हणे वाळूचा कागद आणतो, चकाचक होईल. तिसऱ्यानं कास्टिक सोडा सुचवला, कढईत उकळून ओता म्हणे, जसं काही मूर्ती नाही, गिरणीचा पट्टाच धुवायचा आहे. मी म्हणलं, कागदानं पापण्याईच्या रेघा जातील, ओठाची कड जाईल. सोड्यानं माह्या हाताची चामडी जाईल, पितळ काळं पडंल आणि जोड उकलतील. चपडा म्हणजे लाखेच्या पापड्या, त्या स्पिरिटात विरघळवून लावल्या होत्या, तर पॉलिश स्पिरिटातच उतरते. वेळ लागते. लागू द्या.

पण आपला प्रकाश! तो लालबर्ऱ्याच्या राइस मिलमध्ये मिस्तरी झाला आहे, तुले मालूम आहे. परवा सकाळी सायकलीच्या हँडलले पेटवायचा दिवा लटकवून आला, तो मिलवाला, ज्याच्यातून निळा जाळ निघते. म्हणे, "बाबा, पाच मिनट का काम है. गरम करो, खरडो, खतम. तुम्ही काहून कापूस घेऊन बसता?"

मी म्हणलं, "तो दिवा बाहेर ने."

"अरे पर पितळ आहे, मेण थोडीच आहे?"

"बाहेर ने म्हणलं ना!"

इतक्या जोरानं वरडलो की विहाराच्या आढ्यातली कबुतरं उडाली. प्रकाशचं तोंड उतरलं. तीस वर्षांचा लेकुरवाळा माणूस तो, चार लोकांसमोर त्याच्यावर असं वरडायचं काही काम नव्हतं. पण त्याले कसं सांगू की पाठीत एक तुकडा आहे, तो कथलानं झाळला आहे, आणि कथिल त्या जाळापुढं घडीभर टिकत नाही? सांगतलं असतं तर त्यानं विचारलं असतं, कोणता तुकडा? तुम्हाले कसं मालूम? आणि इतके दिवस काहून नाही सांगतलं?

तू असती तर म्हणली असती, पोराले वरडता अन् स्वतःच्या चुकीले गोंजारता. हौ, तसंच आहे.

तुले तो पाणी भरायचा पितळेचा गुंड आठवते काय? कसा नाही आठवणार, वेडाच आहे मी.

नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, त्याच्या दुसऱ्या साली वार्डानं ठरवलं, मूर्ती पितळेची पायजे, आणि ती घरोघरच्या भांड्यांची पायजे. दर घरातून एक भांडं. कोणी लोटा दिला, कोणी परात, कोणी आजीच्या काळची हंडी. मी म्हणलं, आपला तो गळका हंडा देऊन टाक. तू कमरेवर हात ठेवून म्हणली, "बुद्धाले गळकं देता काय?" आणि तुह्या बापानं खैरलांजीच्या बाजारातून डोक्यावर आणलेला गुंड पुढं करून ठेवला. लग्नातला. त्याच्या पोटावर बर्तनवाल्यानं टोच्यानं ठिपके ठोकून तुहं नाव घातलेलं. मी म्हणलं, हा कायले देतेस? तू म्हणली, "हाच द्याचा आहे."

मी आणि सुकाजीभाऊ पोते भरून ती भांडी घेऊन गेलतो भंडाऱ्याले. छोट्या लाईनच्या गाडीत पोत्याईचा असा खडखडाट की टीसीनं विचारलं, लग्न आहे काय. ओतकाम करणाऱ्यानं भांडी मोजून घेतली आणि दोन महिन्यांनी या म्हणे. दोन महिन्यांनी मूर्ती मिळाली ती तणसात बांधलेली. आम्ही चेहरा पाह्यला, हात जोडले आणि घेऊन आलो. पाठ कोण पाहते?

तू पाह्यली. पाह्यली म्हणजे, हातानं. मूर्ती बसवायच्या आधी बाया तिले चिंच आणि राखेनं घासत बसल्या होत्या, आणि तुहं बोट पाठीवर एका जागी थांबलं. तिथं कोणाले काही बोलली नाही. सांजच्याले स्वैपाक करता करता मले म्हणली, "अवो, माहा गुंड पाठीवर आहे. नाव बी आहे तसंच."

मी हासलो. "तुले वाचता कुठी येते?"

"वाचता नाही येत. घासता येते. दहा वर्षं घासला तो गुंड. कोणता ठिपका कुठी आहे ते माह्या बोटाले मालूम आहे."

दुसऱ्या दिवशी जाऊन पाह्यलं तर खरंच. ओतताना पाठीत तळहाताएवढं भोक राह्यलं असंल, तर त्या माणसानं एक न वितळवलेला गुंड कापून त्याचा तुकडा तिथं बसवला होता. पाठीचा उठाव आणि गुंडाचं पोट, दोन्ही बरोबर बसलं. अक्षरं बाहेरच्या अंगाले. 'चि. सगुणा', आणि पुढचं कापलेलं.

हे नाव मी आता वहीत लिहिलं. बोलून नाही पाह्यलं अजून.

थांब. मेणकापडाच्या कडेतून वास येऊन राह्यला, खिडकी पुरी उघडतो. या वासानं डोकं गरगरते, बंद खोलीत हे काम करूच नाही.

बसतो परत. निघाली थोडी. बांबूची कामटी तासून गोल केली आहे, तिनं ढकललं की पॉलिश सायीसारखी गोळा होते. लोखंड लावतच नाही मी. आणि दर खेपी नवा कापूस घेतो. तोच कापूस फिरवला तर काढलेला मळ पुन्हा रेघांत जाऊन बसते. खांदे निघाले. अजून चार बोटं खाली तो तुकडा आहे. दुसरा कापूस लावून आलो, पण त्या जागेच्या वरच थांबवला.

त्या पहिल्या सालची गोष्ट. दर शनवारी बाया मूर्ती घासायच्या आणि तू कायम पाठीमागं बसायची. त्या चिडवायच्या तुले, समोरून पाहाची लाज वाटते काय म्हणून. तू हासायची आणि तिथंच बसायची. पण झालं असं की चिंचेनं रेघांमध्ये हिरवं धरायले लागलं. आणि जुनी सवय लवकर सुटते काय? घासून झालं की कोणी कुंकू लावून देई, कोणी हळद, कोणी तेल. सुकाजीभाऊचा पारा चढे. मी मोठ्या तोऱ्यात म्हणलं, मी चपड्याचे तीन हात देतो, दहा वर्षं घासायची गरज नाही, आणि वरून काही लावलं तर ओल्या कपड्यानं पुसून टाका. सगळे खूश. तू सोडून. तू म्हणली, "मंग आमी हात कायले लावू?" मी म्हणलं, "पाया पडाले."

पॉलिश करायच्या दिवशी सुकाजीभाऊ सोबत होते. मूर्ती फिरवली आणि त्याईले ते ठिपके दिसले.

"हे काय आहे, दौलत?"

मी सांगतलं.

"सगळ्या वार्डाची भांडी आहेत याच्यात. एकीचंच नाव राह्यलं तर उद्या बाकीच्याईनं काय करायचं? भांडणं लागतील. कानशीनं घासून टाक."

हौ म्हणलं. ते गेले. कानस हातात घेतली, तुकड्यावर ठेवली, एक खेप ओढली. 'ण'वरून एक रेघ गेली. कर्र असा आवाज झाला आणि माह्या दातांत कळ आली. पुढं हात चालला नाही. म्हणून मग काय केलं? खुर्चीतल्या खिळ्याची भोकं बुजवतो तशी लाखेची कांडी वितळवून एक-एक ठिपका बुजवला. सपाट केलं. वरून चपड्याचे तीन हात. आरसा झाला निरा. सुकाजीभाऊले सांगतलं, घासलं.

म्हणजे ठेवलं बी आणि लपवलं बी. मले वाटलं, मोठी अक्कल लढवली मी. कोणाचंच मन मोडलं नाही.

तुहं मोडलं.

पुढल्या शनवारी तू गेली. घासायचं काम नव्हतं, तरी गेली. आली आणि चुलीपाशी बसली. भाकर करपली तरी उलटवली नाही. मग म्हणली, "तिथं नाव नाही."

मी तेव्हाच सांगू शकत होतो. सांगतलं असतं तर काय झालं असतं? तू हासली असती, नाहीतर दोन दिवस बोलली नसती. पण मी म्हणलं, "काहून असंल? नव्हतंच. ओतकामाचे डाग होते ते. तुह्या बोटाले वाटलं."

तू काही भांडली नाही. "मले वाटलं होतं," एवढंच म्हणली आणि करपलेली भाकर आपल्या ताटात घेतली. त्याच्यानंतर तू मूर्तीच्या मागं कधी बसली नाही.

इतकी वर्षं मी स्वतःले सांगत आलो की सुकाजीभाऊचा धाक होता. धाक होता, नाही असं नाही. पण खरी गोष्ट वेगळी आहे, आणि ती मी आज पहिल्यांदा कागदावर ठेवून राह्यलो. मले लाज वाटली. ज्या बायकोचं नाव मी घरात घेत नव्हतो, ते नाव वार्डातल्या सगळ्या माणसाईनं वाचावं, आणि रस्त्यानं जाताना म्हणावं, काय दौलत, सगुणा बरी आहे काय? हे मले सहन झालं नसतं. आम्हाले समतेच्या गोष्टी सांगायले जमतात, प्रकाशचे माय. बायकोचं नाव घ्यायले जमत नाही.

आणि त्या एका लबाडीपायी पुढं काय झालं ते पाह्य. तीन वर्षांनी पॉलिश पिवळी पडली. खुर्ची असती तर जुनी उतरवून नवी लावली असती, हे तर माहं पोटापाण्याचं काम आहे. पण उतरवली तर ठिपके वर येतील. म्हणून मी जुन्यावरच नवा हात दिला. पुन्हा तीन वर्षांनी, पुन्हा तेच. प्रत्येक खेपी पहिल्यापेक्षा काळी. लोक म्हणायचे, दौलत मिस्तरी वकिलाच्या खुर्च्या चमकवते आणि बुद्धाले काळं करते. बोलणारे बरोबर बोलत होते. सात थर चढवले मी तुह्या नावावर.

तू काविळीनं पडली होती तेव्हाची एक गोष्ट मले झोपू देत नाही. दुपारी तुले उसाचा रस पाजत होतो. तू दोन घोट घेतले आणि विचारलं, "ते खरंच नव्हतं काय?"

काय म्हणून मी "कोणतं?" असं विचारलं? मले मालूम होतं कोणतं.

तू म्हणली, "पाठीवरचं."

"किती खेपा विचारशील? रस पी." एवढ्या वर्षांत तू पुन्हा एकदाच विचारलं होतं, आणि मी म्हणलं किती खेपा. तिसऱ्या दिवशी तू गेली. अवं, एक शब्द तर होता. 'होतं.' एवढंच म्हणायचं होतं मले.

उठलो होतो. दोन चकरा मारल्या अंगणात. लू चालून राह्यली, रस्त्यावर कुत्रं नाही. परत आलो. आता टाळायले काही उरलं नाही, कापूस खालच्या जागेवर लावला. ओला करून ठेवून दिला. मेणकापड लपेटलं, दोरी बांधली. दोरीची गाठ दोनदा सुटली. एक भीती अशी की लाख विरघळून निघाली आणि खाली काहीच नसलं तर? कानशीनं त्या एका खेपीतच जास्त गेलं असलं तर? पितळच खाल्लं गेलं असलं तर? आणि दुसरी भीती, की असंल तर.

पायांचा आवाज येऊन राह्यला. प्रकाश आहे वाटते. वही ठेवतो.

आता ऊन उतरलं आहे. काय झालं ते सगळं सांगतो, मधात थांबणार नाही.

प्रकाश चहा घेऊन आलता. परवाच्या वरडण्यानंतर दोन दिवस बोलला नव्हता माह्यासोबत. किटली ठेवली, बाहेरच्या पायरीवर, परवा तिथंच टाकून गेलेल्या दिव्याच्या बाजूले बसला. म्हणे, "वहिनी पूछ रही थी, उद्यापर्यंत होईल की नाही." शेजारची वहिनी कशाले विचारंल? त्यालेच विचारायचं होतं. मी म्हणलं, होईल. चहा घेतला. मग अर्धा तास झाला तर मी दोरी सोडली.

पॉलिश फुगली होती. कामटीनं हळूच ढकलली, एक पट्टा निघाला. नवा कापूस, पुन्हा एक पट्टा. खाली लाल लाख दिसली, ठिपक्याठिपक्यात बसलेली. मी दुसरं काही न पाहता कापूस भिजवत राह्यलो. एकेक ठिपका रिकामा व्हायले लागला. डोळ्याले पाणी आलं ते स्पिरिटाचं म्हणून पुसलं.

प्रकाश उठून मागं आला. "बाबा, यहाँ कुछ लिखा है."

मी कापूस फिरवत राह्यलो.

तो वाकला. त्याले हिंदी वाचायची सवय, पण अक्षरं तर तीच आहेत. "चि. स... गु... णा." मग म्हणे, "ये तो माय का नाम है."

"हौ."

"इथं कसं आलं?"

"तिच्या गुंडाचा तुकडा आहे."

"आणि हे झाकलं कोणं?"

मी कापूस खाली ठेवला. "मी," म्हणलं. आणि मग उभ्या उभ्या सगळं सांगतलं त्याले, जे वर तुले लिहिलं ते. सुकाजीभाऊचं, कानशीचं, चुलीपाशी बोललो ते खोटं, आणि उसाच्या रसाची दुपार. मले वाटलं, आता हा दिवा उचलून माह्यावरच फेकंल. त्यानं नुसतं बोट पुढं केलं, ठिपक्यावरून फिरवलं. 'ण'वरच्या कानशीच्या रेघेवर थांबला, पुढं गेला.

मग म्हणे, "बाबा, माय भांडे घासताना काय करायची, मालूम आहे?"

मी म्हणलं, काय?

"राखेत बोट बुडवून दगडावर ठिपके मारायची. रोज. मले वाटे, रांगोळी आहे. मी विचारलं तर म्हणे, काही नाही रे, बोट विसरू नये म्हणून." त्यानं पितळेवरचा पहिला ठिपका दाखवला. "इथून सुरू करायची. हेच होतं ते. यही था, बाबा."

रोज म्हणे. तू गेली त्याच्या आदल्या महिन्यापर्यंत.

मी खाली बसलो. आणि तेव्हापासून एकच विचारून राह्यलो तुले. म्हणजे तुले मालूम होतं? तुह्या बोटाले दहा वर्षांचं जे मालूम होतं, त्याच्यावर माह्या एका बोलण्यानं तुहा भरवसा उडाला नव्हता? मग तू मले खोटं पाडलं काहून नाही? त्या दुपारी विचारलं ते विचारायले नव्हतं काय? मले सांगायची एक शेवटची संधी देऊन राह्यली होती काय? आणि मी म्हणलं, रस पी.

राग येते मले तुह्यावर. खरंच येते. असं कोणी करते काय? एकदा तरी म्हणायचं होतं, दौलत, तू खोटं बोलून राह्यला. माह्या लबाडीची लाज तू कायले राखली? मले उघडं पाडलं असतं तर मूर्ती इतकी काळी झाली नसती, आणि मी बी नसतो झालो.

असो. आता तू काही सांगणार नाही, मीच सांगायले पायजे.

प्रकाश घरी गेला आहे. जाताना तो दिवा सायकलीले अडकवून घेऊन गेला आणि म्हणे, "बाबा, आप ही सही थे, आग लगाते तो गिर जाता." मग पायरी उतरून परत फिरला. म्हणे, "उद्या सुकाजीकाका पूछेंगे." मी म्हणलं, विचारू दे.

मूर्ती आता पुरी उघडी आहे. सुक्या मऊ कपड्यानं पुसली. पितळ जसं असते तसं आहे, कुठी लालसर, कुठी पिवळं. चकाकत नाही. बरं दिसते. तुकड्याच्या कडेचं कथिल शाबूत आहे, एक टाका हालला नाही. लाखेची कांडी आणि चपड्याचा डब्बा माह्या पेटीत होते. चार वाजेपर्यंत मी दोन खेपा पेटी उघडली आणि बंद केली. तेही सांगून टाकतो. अजून वेळ होता, लाख भरून सपाट करता आलं असतं. वर एक हात दिला असता, आणि प्रकाश कोणाले काही बोलला नसता. चपड्याचा डब्बा मी विहिरीपलीकडं मातीत ओतून आलो.

आता आयक, हे माहं तुले वचन आहे. उद्या सकाळी वंदना झाली की मी सगळ्याईसमोर उभा राहून मूर्ती फिरवणार आणि सांगणार की हे नाव मी झाकलं होतं, आणि सुकाजीभाऊले बी खोटं सांगतलं होतं. लोक काय म्हणतील ते म्हणतील. ज्या बायांची भांडी याच्यात आहेत त्या भांडल्या तर भांडू दे. प्रत्येकीनं आपलं नाव सांगावं, मी टोच्यानं बैठकीच्या खाली एकेक ठोकून देईन, मले ठोकता येते. या मूर्तीवर माह्या हातानं पुन्हा काही चढणार नाही. दर शनवारी सुका कपडा घेऊन मी पाठीमागं बसेन, बाया हासल्या तरी.

आणि उद्या ते नाव मोठ्यानं घ्यावं लागंल, म्हणून आज विहारात कोणी नसताना घेऊन पाह्यलं. पहिल्या खेपी आवाजच निघाला नाही. दुसऱ्या खेपी निघाला. तिसऱ्या खेपी बोट पितळेवर ठेवलं, तू सुरू करायची त्या ठिपक्यापासून, आणि मग नीट म्हणता आलं.

सगुणा, ते होतं.

तुहा
दौलत